लघवी, शरम आणि संमती : रोह्याच्या एका प्रश्नाचा मागोवा

रोह्याच्या दवाखान्याचे माझे वार मंगळवार आणि शुक्रवार, बाकीचे दिवस पेण. २००६ च्या पावसाळ्यातली गोष्ट. आदल्या वर्षीच्या जुलैमधल्या पुरानंतर 'लेप्टो' हा शब्द रायगडात घरोघरी पोचला होता. उंदराच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून, पायांच्या भेगांतून तो ताप अंगात शिरतो, हे लावणीला जाणाऱ्या बायकाच मला सांगत असत. त्यामुळे तिशीतल्या एका बाईने तपासून झाल्यावर, पिशवी उचलता उचलता विचारले, "मॅडम, लघवी अंगावर पडली तर काही रोग होतो का?" तेव्हा मी वर न बघताच म्हणाले, "उंदराची ना? होतो."

ती हसली. मग खाली बघून म्हणाली, "नाही. ह्यांची."

मी लिहिता लिहिता थांबले. ती घाईने पुढे बोलली, "जबरदस्ती नाही हो. दोघांनाही..." आणि वाक्य तिथेच राहिले. माझ्या तोंडून निघाले ते एवढेच : "शी! असले काही करत जाऊ नका." तिने कागद घेतला, पैसे दिले आणि गेली. नंतर ती त्या दवाखान्यात आली नाही.

(तिची ओळख पटेल असे सगळे तपशील मी बदलले आहेत. प्रश्न आणि माझे उत्तर मात्र जसेच्या तसे आहे.)

निवृत्तीनंतर हाताशी वेळ आला, आणि ज्या गोष्टी तीस-पस्तीस वर्षांच्या धावपळीत बाजूला सारल्या होत्या त्या एकेक करून वर येऊ लागल्या. त्यांत ही पहिली. त्या बाईला काय सांगायला हवे होते, हे शोधायला फार वेळ लागला नाही. ती वैद्यकीय माहिती आहे आणि ती मिळते. मला छळत होता तो दुसरा प्रश्न : माझ्याजवळ उत्तराऐवजी 'शी' का होती? ती आली कुठून? या लेखात मी तिचा माग काढायचा प्रयत्न केला आहे.

पहिला धागा सोपा आहे, माझ्याच पुस्तकांच्या कपाटातला. एमबीबीएसला लघवीशी जोडलेली लैंगिक आवड एकदाच भेटली, ती न्यायवैद्यकात. बलात्कार, अनैसर्गिक गुन्हे, त्यामागोमाग 'लैंगिक विकृती' नावाची यादी आणि त्या यादीत एक ओळ. म्हणजे हा विषय आम्ही शिकलो तो कोर्टात साक्ष देण्यासाठी, रुग्णाशी बोलण्यासाठी नव्हे. ज्यात कुणी तक्रारदार नाही, कुणाला इजा नाही, अशा गोष्टी खऱ्या गुन्ह्यांच्याच पंगतीला बसवलेल्या. हे जुने झाले असे कुणाला वाटत असेल तर आठवण करून देते : २०२४ च्या ऑगस्टअखेरीस राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात समलिंगी संबंध पुन्हा 'अनैसर्गिक गुन्ह्यां'त आले होते. टीका झाली आणि काही दिवसांत तो मजकूर मागे घ्यावा लागला.

ही यादी मुळात युरोपातून आलेली. क्राफ्ट-एबिंग या ऑस्ट्रियात काम करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाचा 'सायकोपॅथिया सेक्शुआलिस' हा ग्रंथ १८८६ चा. तोही न्यायाधीश आणि डॉक्टर यांच्यासाठीच लिहिलेला. त्यानंतर आला हॅवलॉक एलिस. इंग्रज डॉक्टर, लाजाळू माणूस, पण लिहायला बसला की न घाबरणारा. त्याच्या 'स्टडीज इन द सायकॉलॉजी ऑफ सेक्स' या ग्रंथमालेचा सातवा खंड १९२८ साली निघाला. त्यात लघवी आणि पाणी यांच्याशी जोडलेल्या कामभावनेवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. जलपरी अंडाइन हिच्या नावावरून त्याने या आवडीला 'अंडिनिझम' म्हटले. यादीतल्या रोगासारखे नाव टाळून त्याने लोककथेतले नाव शोधले, हे मला फार बोलके वाटते. पुढे मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात ही ओढ थोडीफार आपल्यातही असल्याचे त्याने लिहून ठेवले, तिचा धागा बालपणीच्या एका आठवणीपर्यंत नेऊन. ज्याच्यावर विद्वत्तापूर्ण प्रकरण लिहायचे तो 'रुग्ण' आणि लिहिणारा 'तज्ज्ञ' ही भिंतच त्याने पाडून टाकली.

एलिस मराठीत आला का? आला, आणि बराच लवकर. इथे रघुनाथ धोंडो कर्वे भेटतात.

कर्व्यांवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. य. दि. फडक्यांचे चरित्र आहे, अनंत देशमुखांचे काम आहे, अमोल पालेकरांचा 'ध्यासपर्व' आहे, अलीकडे अतुल पेठे यांनी बसवलेले नाटकही आहे. त्यामुळे चरित्र पुन्हा सांगत नाही. मला त्यांच्या एका पुस्तकाशी काम आहे, ज्याचे नाव फारसे घेतले जात नाही. १९२३ साली त्यांनी 'संततिनियमन' या विषयावरचे पुस्तक काढले, ते सगळ्यांना ठाऊक असते. त्याच सुमारास त्यांनी दुसरे एक पुस्तक काढले : 'गुप्तरोगांपासून बचाव'. हे नाव पुन्हा वाचावे. 'गुप्तरोगांचे दुष्परिणाम' नाही, 'ब्रह्मचर्याचे महत्त्व' नाही. बचाव! विल्सन कॉलेजातला गणिताचा प्राध्यापक शंभर वर्षांपूर्वी मराठी वाचकाला सांगत होता की तुम्ही जे करता ते करता. त्यात धोका कुठे आहे आणि तो कमी कसा करायचा, ते समजून घ्या. आज आरोग्य खात्याच्या कागदांत ज्याला 'जोखीम कमी करणे' म्हणतात, त्याची ही मराठीतली सुरुवात. एड्सच्या काळात, १९९० नंतर, आम्हा डॉक्टरांना ती संकल्पना परदेशी म्हणून शिकवली गेली, यातली गंमत मला फार उशिरा कळली.

या कामाची किंमत म्हणून १९२५ मध्ये कर्व्यांची प्राध्यापकी गेली. जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' सुरू झाले आणि ऑक्टोबर १९५३ मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत त्यांनी ते चालवले. त्यात वाचकांचे प्रश्न येत आणि कर्वे उत्तरे देत. मुंबईत काही दिवस बसून मी जुने अंक चाळले. रोह्याच्या बाईचा नेमका प्रश्न तिथे शोधणे हा हेतू नव्हता. उत्तर देण्याची रीत पाहायची होती. ती रीत अशी : विचारणारा प्रौढ आहे आणि त्याला खरे उत्तर हवे आहे असे धरून चालायचे. जे शास्त्राला माहीत आहे ते सांगायचे. इजा होत असेल तर होते म्हणायचे, होत नसेल तर होत नाही म्हणायचे. किळस वाटली म्हणून होत नसलेली इजा होते असे म्हणायचे नाही. कर्व्यांचा स्वर कधी कधी इतका बोचरा होतो की विचारणाऱ्याची दया येते, पण बोचकारा येतो तो अंधश्रद्धेला, आवडीला नव्हे.

याच उत्तरांसाठी ते कोर्टात उभे राहिले. अश्लीलतेचा पहिला खटला १९३१ चा. त्यात शंभर रुपये दंड झाला. दुसरा १९३४ चा, आणि त्यात आरोप होता तो वाचकांच्या खासगी प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर. हस्तमैथुन, समलिंगी ओढ, असे ते प्रश्न. या वेळी कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिणे म्हणजे अश्लील लिहिणे नव्हे, लोक विकृत म्हणवल्या जाणाऱ्या गोष्टींविषयी विचारत असतील तर त्यांना ज्ञानानेच उत्तर द्यायला हवे, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता, आणि त्यासाठी त्यांनी एलिसच्या अभ्यासाचा आधार घेतला. खटला हरला. दोनशे रुपये दंड. म्हणजे १९२८ मध्ये अंडाइनवर लिहिणारा एलिस सहा वर्षांत मुंबईच्या न्यायालयात एका मराठी मासिकाच्या बचावाला आला होता, बाबासाहेबांच्या तोंडून. आणि २००६ मध्ये रोह्याला, त्याच भाषेत डॉक्टरकी करणारी मी, त्या दंडाच्याच बाजूला उभी होते.

*

दुसरा धागा अधिक जुना आणि गुंतागुंतीचा. 'शी' ही केवळ आमच्या पाठ्यपुस्तकाची देणगी नाही. ती घरातलीही आहे. पण गंमत अशी की घरात लघवीविषयी नुसती 'शी' कधीच नव्हती.

मी सात-आठ वर्षांची असताना अंगणात ठेच लागून अंगठा फुटला होता. आत्या म्हणाली, "मूत त्यावर, लगेच थांबेल." तीच आत्या धाकट्या भावाने गादी ओली केली की सगळे अंथरूण धुऊन, स्वतः आंघोळ करून मगच स्वयंपाकघरात जायची. गोमूत्र पंचगव्यात, माणसाचे विटाळात. शास्त्रांतही हीच ओढाताण आहे. मनुस्मृतीने शरीराचे बारा मल मोजले, त्यांत मूत्र आहे. चरकाने औषधी म्हणून आठ प्राण्यांची मूत्रे सांगितली आणि सुश्रुताने माणसाचे मूत्र विषावर उतारा म्हणून नोंदवले. विसाव्या शतकात या दुसऱ्या बाजूला नवा जोर आला. आर्मस्ट्राँग या इंग्रजाचे 'वॉटर ऑफ लाइफ' १९४४ चे. गुजरातीत रावजीभाई पटेलांचे 'मानव मूत्र'. आणि मोरारजी देसाई पंतप्रधान असताना अमेरिकी दूरचित्रवाणीवर शिवांबूविषयी बोलले तेव्हा तर सगळ्या जगाला कळले. पेणमध्येही सकाळी पेला घेऊन बसणारे सद्गृहस्थ मी पाहिले आहेत, आणि त्यांना 'शी' म्हणण्याची माझी कधी हिंमत झाली नाही. उलट "किती दिवस घेताय?" असे आदराने विचारले आहे.

म्हणजे तोच द्रव. औषध म्हणून प्यायला तर निष्ठा, नवरा-बायकोने सुखासाठी अंगावर घेतला तर विकृती. यात आरोग्याचा हिशेब कुठेच नाही. पवित्र म्हणणारा धोका पाहत नाही आणि अपवित्र म्हणणाराही पाहत नाही.

धोक्याचा हिशेब विज्ञानाने तरी नीट मांडला का? तिथेही एक दंतकथा आहे : निरोगी माणसाची लघवी निर्जंतुक असते. आम्हाला हेच शिकवले. या समजुतीची मुळे एकोणिसाव्या शतकात आहेत. पाश्चर आणि लिस्टर यांनी वाकड्या नळीच्या काचपात्रांत लघवी ठेवून दाखवली. बाहेरची धूळ आत गेली नाही तर ती नासत नाही. पुढे १९५० च्या दशकात एडवर्ड कास या अमेरिकी डॉक्टरने संसर्ग ओळखण्यासाठी मिलिलिटरमागे एक लाख जंतूंची मर्यादा घातली. ती मूत्रपिंडाच्या संसर्गाचे निदान करण्यासाठी होती. पण त्याखालचे सगळे 'शून्य' असा अर्थ हळूहळू रूढ झाला. २०१२ मध्ये शिकागोच्या लॉयोला विद्यापीठातल्या संशोधकांनी निरोगी स्त्रियांच्या मूत्राशयातून थेट घेतलेल्या लघवीत जंतूंच्या खुणा दाखवल्या. नेहमीच्या तपासणीत ते वाढतच नव्हते, म्हणून दिसत नव्हते. त्या जंतूंनी आजार होतो असे नाही. पण 'निर्जंतुक आहे, काही होत नाही' हे वाक्य आता कुणी डॉक्टरने उच्चारू नये.

लघवीतून आजार जातो याचा पुरावा शोधायला आपल्याला कोकणाबाहेर जावे लागत नाही. लेप्टोचे सांगितलेच. दुसरे उदाहरण रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावाचे. लघवीतून रक्त जाण्याचा, आफ्रिकेत आढळणारा शिस्टोसोमा या कृमीचा आजार या गावात असल्याचे गाडगीळ आणि शाह यांनी १९५२ मध्ये दाखवले. कृमीची अंडी लघवीतून पाण्यात, तिथून गोगलगायीत, आणि पुन्हा पाण्यात उतरणाऱ्याच्या कातडीतून आत. या दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट सारखी आहे : लघवी स्वतः विष नाही. ती कुणाची, त्याला काय झाले आहे, आणि ती शरीराच्या कुठल्या वाटेने आत जाते, यावर सगळे अवलंबून आहे.

*

तिसरा धागा त्या बाईच्या अर्धवट वाक्यात आहे. "जबरदस्ती नाही हो." ती मला संमतीविषयी सांगत होती आणि मला ते ऐकूही आले नाही.

'संमती' हा शब्द मराठी सार्वजनिक चर्चेत गाजला तो एका कायद्यामुळे. १८८४ मध्ये बेहरामजी मलबारींनी बालविवाहावर टिपणे काढली. त्याच वर्षी मुंबईत दादाजी भिकाजीने रखमाबाईंविरुद्ध नांदायला येण्याचा दावा लावला, आणि अजाण वयात लावलेल्या लग्नाने मी बांधली जात नाही, असे ती बाई न्यायालयाला सांगत राहिली. मग कलकत्त्यात फुलमणी दासी ही कोवळी मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला : वय दहावरून बारा. टिळकांनी 'केसरी'तून त्याला केलेला विरोध आपल्याला ठाऊक आहे. त्या वादात सगळे बोलले, सनातनी बोलले, सुधारक बोलले. पण संमती म्हणजे वय, एवढाच अर्थ उरला. बाई 'हो' म्हणते की 'नाही', हा प्रश्न मागे पडला. तो इतका मागे पडला की २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेतही नवऱ्याने अठरा वर्षांवरील बायकोवर केलेली जबरदस्ती बलात्काराच्या व्याख्येतून वगळलेली आहे.

दुसरीकडे, ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ विषयी निकाल देताना प्रौढांनी खासगीत, संमतीने केलेल्या गोष्टीत राज्याने पडू नये असे म्हटले. दोन्ही एकत्र वाचले की विचित्र चित्र दिसते. संमती असेल तर कायदा शयनगृहाबाहेर थांबतो, आणि लग्न झालेले असेल तर संमती नसतानाही बाहेरच थांबतो. इंग्लंडने उलट टोक गाठले होते. 'ब्राउन' खटल्यात १९९३ मध्ये प्रौढ पुरुषांनी परस्परसंमतीने केलेल्या वेदनादायक खेळांना संमतीचा बचाव नाकारला गेला.

अशा आवडी असणाऱ्या लोकांनी मात्र कायद्याची वाट पाहिली नाही. न्यूयॉर्कमधल्या समलिंगी पुरुषांच्या एका संघटनेने १९८३ च्या सुमारास तीन शब्द पुढे आणले : सुरक्षित, विवेकाने, संमतीने. पुढे काहींना 'सुरक्षित' हा शब्द खोटा वाटला, कारण पूर्ण सुरक्षित काहीच नसते. १९९९ मध्ये त्याऐवजी 'जोखीम ठाऊक असलेली संमती' असा शब्दप्रयोग आला. तो वाचला तेव्हा मला पुन्हा कर्व्यांच्या पुस्तकाचे नाव आठवले. मनोविकारशास्त्रही याच दिशेने सरकले आहे. २०१३ च्या अमेरिकी वर्गीकरणात आणि २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात वेगळी आवड असणे म्हणजे विकार नव्हे. त्रास होत असेल, किंवा दुसऱ्याच्या संमतीशिवाय घडत असेल, तर विकार. क्राफ्ट-एबिंगच्या यादीतली ती ओळ अशी सव्वाशे वर्षांनी सैल झाली.

*

२०१९ च्या गणपतीत, माझ्या पेणच्या दवाखान्यात पुण्याहून गावी आलेले एक तरुण जोडपे आले. दोघे एकत्र, आणि प्रश्न तोच. फरक इतकाच की त्यांना त्या गोष्टीचे इंग्रजी नाव ठाऊक होते. आणि या वेळी मी बसा म्हणाले. बाहेर कार्यशाळांमधून रंगाचा वास येत होता, मूर्ती रवाना होऊन गेल्या होत्या. आम्ही पाऊण तास बोललो. काय सांगितले ते इथे लिहून ठेवते, कारण मराठीत ते कुठेतरी लिहिलेले असावे.

धडधाकट कातडीवर निरोगी माणसाची ताजी लघवी पडण्यात धोका अगदी कमी. कातडी फुटलेली असेल, खरचटलेले असेल, नुकतेच दाढी-वॅक्सिंग केलेले असेल, तर थांबावे. डोळे सगळ्यांत जपायचे. लघवीने डोळे धुण्याच्या घरगुती उपायातून गोनोरियाचे जंतू डोळ्यांत गेल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत, आणि त्याने दृष्टी जाऊ शकते. तोंडात जाणे ही त्यापुढची पायरी. थोडीशी गिळली गेली तर निरोगी माणसाला सहसा काही होत नाही, पण वारंवार नको. मूत्रपिंडाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असणाऱ्याने अजिबात नको, कारण शरीराने बाहेर टाकलेले क्षार आपण परत आत घेतो. नळीने, पिचकारीने शरीराच्या आत सोडणे मात्र कधीच नाही. तिथे इजा आणि संसर्ग दोन्ही होतात.

एचआयव्ही लघवीतून पसरत नाही. लघवीत रक्त असेल तर गोष्ट वेगळी, आणि तेव्हा खेळ सोडून डॉक्टरकडे जायचे. गोनोरिया आणि क्लॅमिडिया मूत्रमार्गात राहतात, म्हणूनच त्यांची तपासणी लघवीच्या पहिल्या धारेवर करतात. तेव्हा नव्या जोडीदाराबरोबर दोघांनी आधी तपासून घ्यावे, हिपॅटायटिस 'बी'ची लस घेतलेली असावी. ताप, विषमज्वर, कावीळ, लघवीला जळजळ यांपैकी काही असेल तर बरे होईपर्यंत विश्रांती. सायटोमेगॅलो नावाचा विषाणू लघवीतून बाहेर पडतो. मोठ्यांना तो बहुधा कळतही नाही, पण गरोदरपणात बाळाला बाधू शकतो, म्हणून ते महिने वगळावेत.

औषधांचा मुद्दा त्यांना नवा होता. १९४१ मध्ये ऑक्सफर्डला ज्या पोलिसावर पेनिसिलिन पहिल्यांदा वापरले, त्याच्या लघवीतून ते पुन्हा गाळून काढून त्यालाच दिले होते, इतके ते जसेच्या तसे बाहेर पडते. एकाला पेनिसिलिन किंवा सल्फाची अॅलर्जी असेल आणि दुसरा तेच औषध घेत असेल, तर ते दिवस टाळायचे.

मग पाण्याचे. खेळासाठी लघवी तासन्‌तास रोखून धरू नये, विशेषतः बायकांनी. मूत्रमार्गाच्या संसर्गाला तेवढे कारण पुरते. आणि भरपूर हवी म्हणून तास-दोन तासांत लिटर-लिटर पाणीही ढोसू नये. रक्तातले सोडियम उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो. नंतर साध्या पाण्याने, साध्या साबणाने धुवायचे. गुप्तांगावर जंतुनाशक द्रव ओतायचा नाही. शिळी लघवी अमोनियाने कातडी जाळते, तेव्हा ओले कपडे अंगावर ठेवू नयेत. न्हाणीघरात पाय घसरून खुबा मोडलेले लोक मी एड्सपेक्षा जास्त पाहिले आहेत, म्हणून खाली रबरी चटई घाला, असे म्हणाले तेव्हा दोघेही हसले आणि खोलीतला ताण गेला.

शेवटी संमती. दारू घेतलेली नसावी. थांबण्याचा एक शब्द आधी ठरवावा, आणि तो उच्चारला की कारण न विचारता थांबावे. काल 'हो' म्हटले म्हणून आज 'हो' धरू नये. कुणी पैशाला, घराला, नोकरीला दुसऱ्यावर अवलंबून असेल तर त्याचे 'हो' दुप्पट काळजीने ऐकावे. मोबाइल खोलीबाहेर. संमतीशिवाय काढलेले खासगी चित्र हा माहिती-तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा आहे, पण गुन्हा नोंदवेपर्यंत ते गावभर झालेले असते. मुलीने विचारले, "हे आम्ही करतो तो गुन्हा आहे का?" मी म्हणाले, "तुम्ही दोघे प्रौढ आहात, दार लावलेले आहे, आणि दोघांना हवे आहे. नाही." मुलगा तोपर्यंत गप्प होता. तो म्हणाला, "मला खरं म्हणजे इतकं आवडत नाही, तिला आवडतं म्हणून..." मग पुढची पंधरा मिनिटे ती दोघे एकमेकांशीच बोलली, मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

त्या संध्याकाळी घरी येताना रोह्याची बाई डोळ्यांसमोर आली. लघवी रोखण्याविषयी मी त्या जोडप्याला सहज बोलून गेले होते, आणि बोलता बोलताच लक्षात आले होते की ती बाई त्या दिवशी कशासाठी आली होती. तिचा प्रश्न म्हणजे कदाचित तिच्या आजाराचे कारणच होते. तिने ते माझ्या टेबलावर ठेवले होते. मी आणखी एक प्रश्न विचारला असता, नवऱ्याला तपासायला बोलावले असते, तर तिला एवढ्या वेळा गोळ्या खाव्या लागल्या नसत्या.

त्या वर्षीची रोह्याची नोंदवही अजून माझ्याकडे आहे. पाने पावसाने फुगलेली. तिच्या नावापुढे माझ्या अक्षरात एक ओळ आहे : 'लघवीला जळजळ, तिसरी वेळ. नॉरफ्लॉक्सासिन, पाच दिवस. पाणी भरपूर.' प्रश्नाची नोंद नाही.